हौदा भरलेला बरा

पहाटे 3

गजर व्हायच्या आधीच डोळा उघडतो. गुलटेकडीला माल पोचवणाऱ्याची झोप बाजाराच्या वेळेवर ठरते, सुट्टीच्या दिवशीही त्यात फरक पडत नाही. आज मात्र मार्केट यार्ड नाही, आज तुळजापूर. मुलाचं लग्न झालं, जेजुरी झाली, आता कुलस्वामिनी राहिली. नवं जोडपं देवीच्या पायावर घातल्याशिवाय आई स्वस्थ बसणार नाही आणि आम्हालाही बसू देणार नाही.

बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीत गाडी उभी आहे. दोन ओळींच्या केबिनची पिकअप: पुढे दोघं, मागे तिघं, त्याच्या मागे हौदा. हौद्यात शालेय पुस्तकांचे आणि वह्यांचे गठ्ठे आहेत. काल रात्री दुकानं बंद झाल्यावर अप्पा बळवंत चौकातून भरून आणले. दिवसा त्या चौकात पिकअप घुसवणं म्हणजे स्वतःहून शिव्या खायला जाणं. मे संपत आला की सोलापूरच्या दुकानदारांची घाई सुरू होते, कारण जूनच्या मध्याला शाळा उघडतात. भाडं ओळखीचं, पैसे रोख.

बायकोला हे अजिबात पटलेलं नाही. "अहो, देवाला निघालोय की माल टाकायला?" असं ती काल दोनदा विचारून झाली. मी तिला डिझेलचा हिशेब सांगितला. तो खरा आहे, पण अर्धाच. पिकअप बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाला माहीत असलेली गोष्ट अशी, की हौदा रिकामा दिसला की नातेवाईक वाढतात. आमच्या पाच जागा आहेत आणि आम्ही बरोबर पाच आहोत. सहाव्या माणसाला "नाही" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ते काम पुस्तकं करतील.

साडेतीन

दोर तपासतो. कागद दिसायला लहान आणि वजनाला मोठा. कांद्याच्या गोण्यांनी हौदा शिगोशीग भरतो तेव्हा जेवढं वजन होतं, तेवढं पुस्तकांनी कमरेइतक्या थरातच होतं. म्हणून गठ्ठे केबिनच्या भिंतीला टेकवून, खालचा थर आडवा, वरचा उभा असे लावायचे. सगळं वजन मागच्या टोकाला गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात असल्यासारखं वाटत नाही. ताडपत्रीची पुढची कड गठ्ठ्यांच्या खाली दाबायची, वर मोकळी ठेवायची नाही. मोकळी राहिली तर यवतपर्यंत तिच्यात वारा शिरतो आणि इंदापूरपर्यंत ती फाटते.

टायरची हवा गार असतानाच बघायची. सोलापूरचा रस्ता मे महिन्यात टायरला भाजून काढतो. स्टेपनी, जॅक, पाना, पाण्याचे दोन कॅन. एका बाजूला आईची पिशवी: ओटीचं सामान, परडी, दशम्या, ठेचा, पुरणपोळ्यांचा डबा.

माल घेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते आईच्या कंबरेचं आहे. पिकअपचे मागचे पाटे टनभर ओझ्यासाठी बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत, आणि रस्त्यातली प्रत्येक खाच थेट मणक्यात येते. सात-आठशे किलो पाठीवर पडले की गाडी बसते, डुलत चालते. हे सांगूनही घरात कुणाला खरं वाटत नाही.

चार

काका आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, काखेत वळकटी. गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हाच मी ओळखलं.

"काका, इतक्या पहाटे?"

"तुळजापूरला चाललाय ना? मग मी काय घरी बसू?"

"अहो पण जागा..."

"जागा कशाला लागतीय? मी मागं बसतो की. घोंगडी आणलीय."

"मागे पुस्तकं आहेत, काका."

"मग वाचत येतो."

यावर काय बोलणार? सोमवती अमावास्येला आमची सगळी भावकी जेजुरीला 407 टेम्पोतून जायची, ती याच काकांच्या खटपटीने. हौद्यात सतरंजी, कडेला म्हाताऱ्या, मधे पोरं, फाळक्यापाशी तरुण. तिथे उताणं पडून मी जेवढं आभाळ पाहिलं तेवढं नंतर कधी पाहिलं नाही, हे मी नाकारत नाही. पुण्याची तर ओळखच या गाड्यांशी जोडलेली. आकुर्डीला बजाज टेम्पो, पिंपरीला टेल्को. 407 आली 1986 मध्ये, छोटा हत्ती 2005 मध्ये. आसपासच्या गावांनी या गाड्यांतून भाजी आणली, मांडव आणले, वऱ्हाडं नेली, आणि गावं देवालाही त्यांतूनच गेली.

पण मालाच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत, हा नियम आहे आणि तो मला पटतो. पोलिसाचा दंड हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. मालवाहू गाडीत असंच बसवून नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. म्हणजे काही झालं तर माणूसही जातो आणि गाडीवाल्याचं घरही. ऑगस्ट 2025 मध्ये खेड तालुक्यात पाईटजवळ, श्रावणी सोमवारी कुंडेश्वराला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर मागे आली आणि खाली कोसळली. त्या बायका देवालाच निघाल्या होत्या. त्या दिवसापासून मी हौद्यात कुणाला पाय ठेवू देत नाही. मार्केटमधली निम्मी मंडळी मला यावरून हसतात. हसू देत.

काकांना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "स्वारगेटवरून पाचची गाडी मिळेल. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटीत तिकीट नाही, तुम्हाला तर माहीतच आहे."

"पैशाचा प्रश्न नाही रे," काका म्हणाले. "तुमच्याबरोबर यायचं होतं."

मुलगा स्कूटर काढून त्यांना स्वारगेटला सोडून आला. आम्ही निघालो तेव्हा पावणेपाच झाले होते आणि गाडीत कुणी बोलत नव्हतं.

पाच ते सहा

पुलगेट, फातिमानगर, हडपसर. समोरून येणाऱ्या पिकअपना अंत नाही: पालक, मेथी, झेंडू, टोमॅटो. रोज मी त्या बाजूने शहरात शिरतो, आज उलटा चाललोय. दोघा-तिघांनी ओळखून लाइट मारला.

बसण्याची व्यवस्था आईने लावली आहे. ती स्वतः पुढे, गुडघ्यांना जागा हवी म्हणून. मागे एका खिडकीला बायको, दुसऱ्या खिडकीला सून, मधे मुलगा. त्याचा एक कान आईकडे, एक बायकोकडे. या गाड्यांत मागच्या बाकाची पाठ सरळसोट असते, कारण तिच्या लगेच मागे हौद्याची भिंत. रेलायला वाव नाही. लोणी काळभोर यायच्या आत मुलाची मान छातीवर पडली.

पहाटेचा हा तास ड्रायव्हरचा वैरी. अंधार विरळ होतो, रस्ता मोकळा असतो आणि झोप नेमकी तेव्हा डोळ्यावर येते. आईला ते ठाऊक आहे. मी चालवायला शिकल्यापासून तिचं काम एकच, बोलत राहायचं. थेऊर फाट्याला चिंतामणीचा विषय निघाला, उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रमाचा, यवतला तुकोबांच्या पालखीचा. उत्तर नाही दिलं तरी चालतं, हुंकार लागतो. हुंकार चुकला की ती दंडाला चिमटा काढते.

पाटसच्या टोलवर फास्टॅग वाजला. पिकअपला टोल मोटारीपेक्षा जास्त, आणि वेगाला ऐंशीचं कुलूप. शेजारून एक पांढऱ्या पाटीची मोठी पिकअप सुसाट गेली, टपावर घडीचा तंबू बांधलेला. हल्ली पुण्यात तशा दिसू लागल्यात. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून, टोयोटाची हायलक्स 2022 पासून. भारी किंमत, हौद्यात खुर्च्या आणि बर्फाची पेटी, निघाले लडाखला. हौस असावी, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढी दणकट गाडी घेऊन तिच्या पाठीवर चारशे किलोसुद्धा टाकायचे नाहीत, हे मला बघवत नाही.

साडेसहा

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसतं. मे महिन्यात ते बरंच आत सरकलेलं असतं, कडेला भेगाळलेला गाळ. पळसदेवपाशी आई सरसावून बसली. धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. आईच्या मावशीचं घर याच पाण्याखाली आहे.

"मावशीचं सगळं घर एका ट्रकात वर आलं," आई सुनेला सांगत होती. "भांडी, कणगी, पाळणा, शेळ्या, आणि त्यावर माणसं. मावशी जात्यावर बसून आली."

"जात्यावर का, आजी?"

"उतरवताना फुटंल म्हणून. चुलत्यांनी तिला सांगितलं, तू त्याच्यावर बस, म्हणजे कुणी हलवणार नाही."

रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी लावली. दशम्या, ठेचा, वर टपरीचा चहा. सगळे पाय मोकळे करत असताना मी दोर पुन्हा आवळले. शे-सव्वाशे किलोमीटरनंतर माल बसतो आणि दोर ढिला पडतो, कितीही ताणून बांधलेला असो. सून शेजारी येऊन बघत होती. गाठ कशी मारायची ते दाखवलं: फास घ्यायचा, पीळ द्यायचा, त्यातून खालचा पदर ओढायचा. दुसऱ्या खेपेला तिने बरोबर मारली. मुलाला ती अजून येत नाही.

आठ

इंदापूरच्या बाह्यवळणावर अक्का उभी. माझी थोरली बहीण. तिने फक्त "आंब्याची पाटी द्यायची आहे, पाच मिनिटं थांब" म्हणून फोन केला होता. पाटीबरोबर दोन नातवंडंही उभी होती, अंगात नवे कपडे, पाठीला दप्तरं.

अक्काने गाडीला एक फेरी मारली. ताडपत्री दाबून पाहिली.

"हे काय भरलंयस?"

"पुस्तकं. सोलापूरला उतरायची आहेत."

"देवाला जाताना?"

बायकोने खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं की आता बहिणीलाच उत्तर द्या. मी काहीच बोललो नाही. आंब्याची पाटी आईच्या पायाशी गेली. नातवंडांना सुनेने आहेरातले पन्नास-पन्नास रुपये दिले, ती खूश झाली. अक्का झाली नाही. "येताना तरी रिकामी येशील ना?" असं विचारून तिने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, बैलाला निघ म्हणून मारावी तशी.

नऊ ते साडेदहा

टेंभुर्णी, मोहोळ. या टप्प्यात सांगण्यासारखं काही घडत नाही आणि घडू नये अशीच इच्छा असते. ऊन चढलं, काचा खाली केल्या की झळ आणि वर केल्या की उकाडा. सावळेश्वरच्या टोलवर आईने कलिंगडाच्या फोडी घ्यायला लावल्या. पुढे अर्धा तास सगळे झोपले. गाडी पाट्यांवर डुलत होती, एक बरणीसुद्धा वाजली नाही.

अकरा

सोलापूर, नवी पेठ. दुकानाच्या दारात सावली नाही. हमाल दोघं आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. उतराईचा दर आधीच ठरलेला असतो, तरी एकदा बोलाचाली व्हावीच लागते, ती झाली. फाळका पाडला, ताडपत्री काढली. हमाल गठ्ठा पाठीवर घेतात तो हाताने उचलून नव्हे, फाळक्याच्या कडेवर सरकवून. कंबर वाकवायची, गठ्ठा पाठीवर येऊ द्यायचा, मग सरळ व्हायचं. ताकदीपेक्षा सरावाचं काम.

आई आणि बायको समोरच्या चादरीच्या दुकानात पंख्याखाली जाऊन बसल्या. मुलगा फोनवर. सून मात्र बिल हातात घेऊन फाळक्यापाशी उभी राहिली. छापील पुस्तकांना जीएसटी नसला तरी बिलावर गठ्ठ्यांचा आकडा असतोच, आणि उतरवताना मोजणारा नसेल तर हमाली आणि भाडं दोन्हींत वाद निघतात. शेवटी दुकानाचा मुनीम म्हणाला, "एक कमी आहे."

"कमी नाही," सून म्हणाली. "चौथीच्या गणिताचा तुम्ही मघाशी आत नेऊन फोडला. गिऱ्हाईक आलं होतं तेव्हा."

मुनीम आत जाऊन आला आणि गुपचूप सही केली. भाड्याचे पैसे मी मोजून बायकोच्या हातात दिले. "ओटीत घाल," म्हणालो. तिने त्यातली एक नोट ओटीच्या पिशवीत टाकली आणि बाकीचे पर्समध्ये. पण त्यानंतर माल का आणला हा विषय तिने काढला नाही.

साडेबारा

आता हौदा रिकामा आणि गाडी उधळलेली. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर. पहिल्याच गतिरोधकाला मागचे तिघे टपाला टेकले. आंब्याची पाटी लवंडली. आई एका हाताने दांडी धरून, दुसऱ्याने कंबर. "सकाळी बरी चालली होती की रे!" एवढं ऐकायलाच मी पहाटेपासून थांबलो होतो.

तामलवाडीच्या पुढे आरशात सुनेची नजर भेटली.

"मामा, माल फक्त पाट्यांसाठी नव्हता ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. माझ्या माहेरीपण टेम्पो आहे."

दोन

घाट चढून गाव आलं, तशी काकांची हाक. ते एसटीने आमच्या दीड तास आधी पोचले होते. पुजाऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी ताक पिऊन घेतलं होतं, रांगेची चौकशी केली होती, आणि गाडी लावायला झाडाखालची जागाही अडवून ठेवली होती, आपली वळकटी टाकून.

राजे शहाजी महाद्वारातून पायऱ्या उतरत आत जायचं. कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतले, गोमुखाचं पाणी घेतलं. लग्नसराई असल्याने रांगेत जोडपीच जोडपी, उपरण्याच्या आणि पदराच्या गाठी सांभाळत. संबळ वाजत होता, उदो उदो चालू होता. आई रांगेत एकदाही खाली बसली नाही. गाडीतून उतरताना दोघांचा आधार लागलेली बाई, इथे दोन तास ताठ उभी. गाभाऱ्यात आपल्या वाट्याला जेमतेम एक श्वास येतो. ओटी गेली, मुलगा-सून वाकले, मागच्याने रेटलं, बाहेर.

मग चिंतामणी. देवळात हा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. स्वतः शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घेत, असं सांगतात. काकांनी टोपी नीट केली, हात ठेवले आणि मनात न विचारता मोठ्याने विचारलं:

"येताना पिकअपमध्ये जागा मिळंल का?"

दगड उजवीकडे फिरला. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा हसली. मी काकांच्या हातांकडे नीट बघत होतो. ते हलले होते की नाही, देवी जाणे.

सात

भक्तनिवासापाशी गाडी उभी करून फाळका पाडला. हौद्याचं खरं कौतुक मला या वेळेला वाटतं. पाडलेला फाळका बरोबर कंबरेच्या उंचीला येतो. त्यावर छोटी शेगडी, परात, पाण्याचा कॅन. बायकोने भात लावला, सुनेने आमटी केली, पुरणपोळ्या तव्यावर नुसत्या गरम केल्या. हात धुवायला कॅनचा नळ बाहेरच्या बाजूला वळवला. शेजारी बार्शीकडची एक मंडळी होती, त्यांना पोळ्या गेल्या, त्यांच्याकडून शेंगांची पोळी आली. गाडी उभी असताना काका हौद्यात घोंगडी टाकून बसले. याला माझी हरकत नव्हती.

नऊ

उद्याचा प्रश्न निघाला. काका तर कौल घेऊन बसलेले. मी "बघू" म्हणेपर्यंत मुलगा म्हणाला, "पप्पा, मी एसटीने येतो. काकाआजोबांना गाडीत घ्या."

"एकटाच?" बायकोने विचारलं.

सून भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, बायकांना अर्धं तिकीट आहे."

2023 पासून ते आहेच. सवलतीचा एवढा झटपट फायदा घेतलेला मी प्रथमच पाहिला. लग्न झाल्यापासून ती दोघं घरातल्या पाहुण्यांत, मग जेजुरीच्या गर्दीत आणि आज आमच्या सरळसोट बाकावर. शेजारी-शेजारी दोन सीट आणि सात तास, तेही सासू-सासऱ्यांशिवाय. आईने सगळं ओळखलं. "जाऊ द्या त्यांना," म्हणाली, "खिडकीची जागा घ्या म्हणावं."

काका पुढच्या सीटवर आतापासूनच हक्क सांगू लागले. आई ती सोडणार नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

साडेनऊला अक्काचा फोन. दर्शन कसं झालं, गर्दी होती का, ओटी मिळाली का, हे सगळं विचारून झाल्यावर, "मग उद्या किती जण येताय? पोरं पुण्याला यायची म्हणतात. गाडी रिकामीच असेल ना?"

तिच्याशी बोलून झाल्यावर मी सोलापूरच्या चादरीवाल्याला फोन लावला. पुण्याला चादरी-टॉवेलचे गठ्ठे जायचे होते, पण दुपारी भावावरून आमचं जमलं नव्हतं. माल हलका, जागा मात्र भरपूर खाणारा. आणखी दोन गठ्ठे घातले तर पाटे बसतील का, एवढं विचारलं आणि त्याच्या दराला हो म्हटलं. साडेसातला भराई.